रोजचंच सगळं, मग नवीन काय बघायचं? उत्सुकता कशी चालते, सोप्या भाषेत

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या ठाणे-नवी मुंबई भागात केवढं काय काय नवीन झालं बघा. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, मग १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतू, उरणपर्यंतची लोकल आणि दिघा गाव स्टेशन या तिन्हींचं उद्घाटन झालं, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. प्रत्येक वेळी पहिले काही दिवस नुसती झुंबड, लोक लहान मुलांना खांद्यावर घेऊन बघायला आलेले, फोटो, व्हिडिओ, आणि महिन्याभरात तीच मेट्रो, तोच पूल, आत बसलेल्या प्रत्येकाची मान मोबाईलमध्ये.

त्याच वेळी ग्रूपवर रोज कोणीतरी पाठवतं की कम्फर्ट झोन सोडा, नवीन अनुभव घ्या, लहान मुलासारखं जगाकडे बघा. ऐकायला छान वाटतं पण म्हणजे नक्की करायचं काय? सकाळी सातला डबे भरून, मुलाला बसमध्ये बसवून, आठ-दहाची गाडी पकडणाऱ्या माणसाने कुठून आणायची ही उत्सुकता? गेली बरीच वर्षं मानसशास्त्रात आणि मेंदूच्या अभ्यासात यावर काम चाललंय आणि त्यातून जे हाती आलंय ते या मेसेजपेक्षा खूप वेगळं आणि मला विचाराल तर खूप जास्त कामाचं आहे, म्हणून हा लेख.

## आधी दोन गोष्टी वेगळ्या करू

एक असतो मोकळेपणा. माणसाचा स्वभाव मोजण्याची जी पद्धत जगभर वापरतात तिच्यात पाच मुख्य गुण धरतात, त्यातला एक म्हणजे नव्या अनुभवांसाठी मन किती उघडं आहे. पॉल कॉस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे या दोघांनी १९८५ मध्ये यासाठीची प्रश्नावली छापली आणि पुढे ती वाढवत नेली. नवीन पदार्थ, नवीन गाणं, वेगळ्या विचारांचा माणूस समोर आला की तुम्ही पुढे होता की मागे सरता, अशा प्रकारचं ते मोजमाप.

दुसरी असते उत्सुकता, म्हणजे या क्षणी एखादी गोष्ट जाणून घ्यावीशी वाटणं. मोकळेपणा वर्षानुवर्षं सावकाश बदलतो, उत्सुकता पाच मिनिटांत येते आणि पाच मिनिटांत जाते. आपल्या हातात जास्त आहे ती ही दुसरी, त्यामुळे बहुतेक लेख तिच्यावरच आहे.

## नवं इतक्या पटकन जुनं का होतं?

याला कोणी आळस म्हणतं, कोणी कृतघ्नपणा म्हणतं, पण दोन्ही खरं नाही. घरातल्या पंख्याचा आवाज आत्ता हे वाचेपर्यंत तुम्हाला येत नव्हता, आता येतोय. तोच तोच संदेश येत राहिला की मज्जासंस्था त्याला उत्तर देणं कमी करते, आणि हे इतकं मूलभूत आहे की एरिक कँडल यांनी ते चक्क समुद्री गोगलगायीत दाखवलं. तिला हळूच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते, पण परत परत तसाच स्पर्श केला की हळूहळू ओढायची थांबते, आणि त्या वेळी मज्जापेशींच्या सांध्यात नेमकं काय कमी होतं हेही सापडलं. शिकणं आणि आठवण यावरच्या अशा कामासाठी २००० साली त्यांना नोबेल मिळालं.

दुसरा भाग डोपामिनचा. हे मेंदूतलं एक रसायन, आणि त्याला सरसकट आनंदाचं रसायन म्हणून टाकतात तिथे गडबड होते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. दिवा लागला की थोड्या वेळाने रस मिळणार. सुरुवातीला रस मिळाल्यावर डोपामिनच्या पेशी जोरात चालायच्या, पण दिवा आणि रस यांचं नातं कळल्यावर त्या दिवा लागताच चालायला लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळताना गप्प. म्हणजे त्या पेशी बघतात की अंदाजापेक्षा काही वेगळं झालं का. अंदाज बरोबर निघाला तर सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. तुमची रोजची गाडी, रोजचा जिना, रोजचा वॉचमन हे सगळं मेंदूला आधीच पाठ आहे म्हणून तो तिथे लक्ष खर्च करत नाही, आणि ते बरंच आहे नाहीतर ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरून चालताना समोरून येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे आपण थांबून बघत बसलो असतो.

## उत्सुकता येते कुठून?

१९९४ मध्ये जॉर्ज लोवेन्स्टीन या अभ्यासकाने एक साधी मांडणी केली. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यायचंय त्यात फट दिसली की उत्सुकता जागी होते. आता पेपरातलं शब्दकोडं घ्या. कोरं असतं तेव्हा ते बाजूला ठेवून चहा प्यायला काही वाटत नाही. पण सगळं भरून झालंय आणि आडव्या ओळीत दोन घरं उरलीत, मधलं अक्षर कळलंय, तर तो कागद हातातून सुटत नाही, भाजी करताना, आंघोळ करताना तेच डोक्यात. उत्सुकतेचं अगदी असं आहे.

याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. ज्यातलं काहीच माहीत नाही त्याबद्दल उत्सुकता वाटत नाही, आणि जे सगळं माहीत आहे असं वाटतं त्याबद्दलही नाही. ती मधे असते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनिंग मशीनमध्ये झोपवून सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारले, तेव्हा हेच दिसलं, ज्या उत्तराबद्दल थोडी खात्री थोडी शंका होती तिथे उत्सुकता सगळ्यात जास्त. म्हणून 'उत्सुक राहा' असं नुसतं सांगून काही होत नाही. आधी थोडी माहिती पोटात जावी लागते.

आपल्याकडचं उदाहरण देतो. मानखुर्द सोडलं की गाडी वाशीच्या खाडीवर येते. रोज जाणाऱ्याला विचारा खाडी कशी असते, तो म्हणेल कशी म्हणजे, पाणी असतं. पण कधी पाणी अगदी भरून असतं आणि कधी दोन्ही बाजूला नुसता करडा चिखल, त्यात बगळे, आणि तिवरांची बोटाएवढी मुळं जमिनीतून सरळ वर आलेली. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते. एवढं एकच कळलं की लगेच प्रश्न येतो, मग उद्या माझ्या गाडीला पाणी कुठे असेल? याला किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सहाच्या सुमाराला. द्वादशीला नऊच्या. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच, पहाटेची भरती आणि दुपारची भरती दोन्हीला चालतो, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. खाडीत आत पाणी चढायला थोडा उशीर लागतो, तेवढं धरायचं. हे जमतं कारण तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून आकाशात किती पुढे गेला त्याचं माप, आणि भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते. भिंतीवरच्या कालनिर्णयातली तिथी, जी आपण फक्त उपासासाठी बघतो, तिच्यावरून खिडकीबाहेर काय दिसणार ते सांगता येतं, मला तरी ही गोष्ट फार सुंदर वाटते. हे कळल्यावर तोच पूल रोज वेगळा होतो, आणि त्यासाठी एक रुपया लागत नाही.

## "पण रोजच्या गोष्टी तर आपल्याला माहीतच असतात"

नसतात, आणि हे तपासून झालंय. येल विद्यापीठात लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये लोकांना विचारलं की पँटची चेन, कुलूप, फ्लश, शिलाई मशीन हे कसं चालतं ते तुम्हाला किती कळतं, स्वतःला मार्क द्या. लोकांनी बरे मार्क दिले. मग सांगितलं आता टप्प्याटप्प्याने लिहून दाखवा. लिहायला बसल्यावर बऱ्याच जणांची गाडी अडली, आणि परत मार्क द्यायला सांगितले तेव्हा ते खाली आले. एखादी गोष्ट वापरता येते म्हणजे ती समजते असं आपल्याला आपोआप वाटत असतं, आणि त्यामुळे फट झाकलेली राहते.

शिलाई मशीनचंच बघा. वर एक रीळ, खाली एक बॉबिन, सुई खाली जाते वर येते आणि टाका पडतो. पण सुईचा धागा तर रिळाला जोडलेला आहे, तो पूर्ण आरपार जातच नाही, मग खालच्या धाग्यात अडकतो कसा? ऐरोलीला आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये जिन्याखाली ऑल्टरवाले काका बसतात, त्यांना हे विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडे वर बघितलं, मग पँट बाजूला ठेवली, सुईखालची पट्टी सरकवली आणि पाय काढून हाताने चाक सावकाश फिरवलं. "हात लावू नका, नुसतं बघा." सुईचं भोक टोकाला असतं हे मी इतकी वर्षं बघून बघितलंच नव्हतं. सुई खाली गेली, परत वर यायला लागली तेवढ्यात धाग्याचा छोटासा फुगा झाला, खालच्या फिरणाऱ्या चोचीने तो फुगा पकडला, ओढून मोठा केला आणि अख्ख्या बॉबिनवरून फिरवून आणला. म्हणजे वरचा धागा खालच्या पूर्ण रिळाला वळसा घालून परत वर. "दोन्ही धागे कपड्याच्या पोटात भेटले पाहिजेत," काका म्हणाले, "वर गाठ दिसली तर वरचा ताण जास्त, खाली दिसली तर कमी. लोकं टाका उसवला म्हणून येतात, का उसवला ते कोण विचारत नाही." मी शर्टाची बाही उलटी करून शिवण बघायला लागलो तर त्यांनीच बोट ठेवून दाखवलं कुठे ताण चुकलाय.

अशा वेळी अजून एक गोष्ट घडते. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात मथियास ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी लोकांना प्रश्न दिले आणि उत्तर येण्याच्या मधल्या वेळात एखादा अनोळखी चेहरा दाखवला. ज्या प्रश्नाबद्दल उत्सुकता जास्त होती त्याचं उत्तर तर लक्षात राहिलंच, पण मधे आलेला चेहरासुद्धा जास्त लक्षात राहिला, ज्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता. उत्सुक अवस्थेत मेंदू आजूबाजूचंही पकडतो. ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुलं आहेत त्यांनी हे दोनदा वाचा. धडा पाठ करून घेण्याआधी त्यातला एक खरा प्रश्न मुलाच्या डोक्यात नीट रुतू देण्यात गेलेली पाच मिनिटं वाया जात नाहीत.

## लंडनचा संप आणि ठाण्याचा मेगाब्लॉक

फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला, बरीच स्टेशनं बंद, पण सगळी नाही. लोकांना नाइलाजाने दुसरे रस्ते शोधावे लागले. तिकडच्या प्रवासाच्या कार्डांवरून कोण कुठून कुठे गेलं हे कळतं, तर शॉन लारकॉम, फर्डिनांड राउख आणि टिम विलेम्स या अर्थतज्ज्ञांनी तो डेटा तपासला. संप संपल्यावर बहुतेक लोक जुन्या रस्त्याला परत आले, पण साधारण ५ टक्के लोक परत आलेच नाहीत. म्हणजे वर्षानुवर्षं ते रोज जात होते त्यापेक्षा बरा रस्ता होता आणि त्यांनी तो कधी बघितला नव्हता. एक कारण नकाशा, भुयारी रेल्वेचा नकाशा दिसायला सोपा केलेला असतो, खरी अंतरं त्यात वेगळी दिसतात, आणि जिथे नकाशा जास्त फसवा होता तिथले लोक जास्त बदलले. अभ्यासकांनी हिशोब केला तर या लोकांचा रोजचा वाचलेला वेळ जोडत गेलं की संपात सगळ्यांचा मिळून गेलेला वेळ भरून निघतो आणि वर उरतो.

आपल्याकडे ३१ मे ते २ जून २०२४ ठाण्याला ६३ तासांचा मेगाब्लॉक झाला, पाच-सहा नंबर प्लॅटफॉर्म रुंद करायला. हाल झालेच, त्यात काही शंका नाही. पण माझ्या ओळखीत एक जण गोवंडीला कामाला जातो, तो कायम ठाणे-कुर्ला करून हार्बर पकडायचा, तेव्हा पहिल्यांदा ट्रान्स हार्बरने (ठाणे-वाशी लाइन) वाशी करून उलटा गेला. वेळ थोडा जास्त लागतो पण बसायला मिळतं, म्हणून संध्याकाळी आता तो तिकडूनच येतो. हे करायला ब्लॉकची वाट बघायची गरज होती का? त्याला विचारलं तर तो म्हणतो डोक्यातच आलं नव्हतं.

## "रूटीन मोडलं तर घर कसं चालणार?"

हा सगळ्यात खरा आक्षेप आहे आणि त्याला शास्त्रातही मान आहे. संगणकशास्त्रात याला शोध घेणं विरुद्ध फायदा घेणं म्हणतात. माहितीतलं चांगलं वापरत राहिलात तर आजचा दिवस नक्की बरा जातो, पण याहून चांगलं काही असेल तर ते कधीच कळणार नाही. सतत नवीनच करत राहिलात तर सापडलेल्या चांगल्याचा उपभोग घेणार कधी? त्यामुळे उत्तर असं की बहुतेक वेळा रूटीन, आणि अधूनमधून मुद्दाम एक वेगळी चाल.

किती वेळा, ते पुढे किती दिवस उरलेत त्यावर ठरतं. उलव्याला किंवा खारघरला नुकतं राहायला आलेल्या माणसाने भरपूर फिरावं, वेगळा भाजीवाला, वेगळा डॉक्टर, वेगळा रस्ता, कारण जे सापडेल ते वर्षानुवर्षं वापरायचंय. पुढच्या महिन्यात बदली होऊन जाणाऱ्याने सरळ आवडत्या ठिकाणी जाऊन मिसळ खावी. आणि चूक झाली तर किंमत काय हेही बघायचं. भाजीचा ठेला बदलण्यात चूक झाली तर एक दिवस कोथिंबीर वाईट. चालू असलेलं औषध किंवा घराचा हप्ता यात प्रयोग करायचे नाहीत, तिथे जुनं ते धरून ठेवायचं.

पैशाचं म्हणाल तर या लेखातलं जवळजवळ काहीच पैशाचं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी आखलेलं आर्टिस्ट व्हिलेज आहे, जिथे घरं छोट्या छोट्या अंगणांभोवती गोळा केलीत, तिथल्या गल्लीतून शांतपणे चालायला कोणी तिकीट मागत नाही.

## "मी दिवसभर रील बघतो, तेही नवीनच असतं की"

डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने पन्नास-साठच्या दशकातच दोन प्रकार सांगितले होते. एक, कंटाळा आला म्हणून काहीही नवीन हवं असणं. दुसरा, एक ठरावीक प्रश्न पडलाय आणि त्याचंच उत्तर हवंय. रील पहिल्या प्रकाराला खायला घालतं. त्यात वाईट काही नाही, दमून आल्यावर तेवढंच हवं असतं, मीही बघतो. पण तिथे फट दिसायच्या आत पुढचं येतं, आणि वर तुम्हाला आधी जे आवडलं तसंच परत दाखवतात, म्हणजे नवीन वाटणारं बरंचसं जुन्याच गल्लीतलं असतं.

फरक करायला एकच ठिकाण आहे, रील संपल्यावर. खाडीतल्या फ्लेमिंगोंचं रील आलं. गुलाबी थवा, छान. आता थांबून विचारा की गुलाबीच का? पिल्लू जन्मतं तेव्हा करडं असतं, आणि शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव खाऊन त्यांच्यातलं रंगद्रव्य पिसांत उतरतं. मग पुढचा प्रश्न येतो की आपल्या खाडीत असं काय आहे की हजारोंनी येतात, आणि तिथून कळतं की ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. मग एखाद्या रविवारी मुलांना घेऊन ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रावर जावंसं वाटतं. हे सगळं त्याच मोबाईलवरून सुरू झालं.

## "माझा स्वभावच नाही तसा"

जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून दिसतं की लोकालोकांतला मोकळेपणाचा फरक साधारण निम्मा अनुवंशिक आहे. म्हणजे उरलेला निम्मा नाही. आणि वय झालं म्हणून दार बंद झालं असंही नाही. २०१२ मध्ये इलिनॉयच्या अभ्यासकांनी साठीपुढच्या लोकांना १६ आठवडे तर्काचे धडे, शब्दकोडी आणि सुडोकू दिले, जमेल तसं हळूहळू अवघड करत. बाकीच्यांच्या तुलनेत त्यांचा मोकळेपणा वाढलेला दिसला. कोणी त्यांना ट्रेकला नेलं नव्हतं, परदेशी नेलं नव्हतं. मला यातलं 'जमेल तसं' हे फार पटतं. आईबाबांना नवीन ॲप शिकवताना आपण हातातून फोन ओढून घेऊन स्वतःच करून टाकतो, तेव्हा त्यांना अवघड आणि जमणारं यातली जी बारीक जागा हवी असते तीच आपण काढून घेतो.

## अनोळखी माणसांशी बोलायचं का?

निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये शिकागोच्या लोकल प्रवाशांवर प्रयोग केला. काहींना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं गप्प बसा, काहींना नेहमीसारखं. आधी विचारलं तर लोकांना वाटत होतं बोलण्याने प्रवास वाईट जाईल. झालं उलटं, बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. लोकांचा अंदाज चुकला कारण प्रत्येकाला वाटतं की समोरच्यालाच बोलायचं नाहीये.

आता लगेच येणारा प्रश्न, विशेषतः मुलींचा, की हे सुरक्षित आहे का. मोकळेपणा म्हणजे प्रत्येकावर विश्वास टाकणं नाही. नाव, नंबर, पत्ता काही द्यायची गरज नाही, लेडीज डब्यात शेजारी बसलेल्या काकूंना त्यांच्या पिशवीतली भाजी कुठली ते विचारा, एवढंच. नको वाटलं तर नका बोलू, समोरचीने कानात हेडफोन घातलेत तर तिला तिचा वेळ द्या.

## आणि पहिल्यांदा नाहीच आवडलं तर?

बहुतेक वेळा नाहीच आवडत. रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये दाखवलं की माणसाला एखादी गोष्ट नुसती परत परत समोर आली तरी ती जास्त आवडायला लागते, अर्थ न कळणारे शब्द आणि अक्षरंसुद्धा. यालाच उलटं वाचलं तर नवं पहिल्या भेटीत कमी आवडणार हे ठरलेलंच आहे, त्यात त्या गोष्टीचा दोष नाही आणि तुमचाही नाही. लहान मुलांच्या खाण्यात हे चांगलं दिसतं, एखादी भाजी मुलाने तोंडात घालावी म्हणून ती कधी कधी आठ-दहा वेळा समोर ठेवावी लागते, जबरदस्ती न करता, आणि घरोघरी आपण दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच म्हणतो की आमच्याकडे कारलं चालत नाही. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला पहिल्यांदा रागदारीची मैफल ऐकणारा माणूस अर्ध्यात घड्याळ बघतो, त्याचंही हेच. तो परत गेला, शक्यतो आधी ऐकलेलाच एखादा राग घरी थोडा ऐकून गेला, तर कुठे काय होणार याचा त्याला अंदाज बांधता येतो, आणि अंदाज असेल तरच गायिका तो कधी चुकवते हे कळतं. तीन-चारदा जाऊनही काही वाटलं नाही तर खुशाल सोडून द्यावं आणि त्या संध्याकाळी दुसरं काहीतरी करावं.